‘हायपो’, ‘सब’ आणि ‘अंडर’ : अधोवाचक इंग्रजी उपसर्गांचा व्यवहारोपयोगी अभ्यास



आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आज सहसा रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या पिशवीत रक्ततपासणीचे अहवाल असतात, सोनोग्राफीचे वर्णन असते, रुग्णालयातून घरी सोडतानाचा कागद असतो आणि चालू औषधांची चिठ्ठी असते. हे सारे इंग्रजीत असते आणि त्यातील निम्मेअधिक कठीण शब्द ग्रीक वा लॅटिन उपसर्गांनी घडलेले असतात. असे शब्द पाठ करण्यापेक्षा त्यांची घडण समजून घेणे अधिक सोपे व अधिक सुरक्षित आहे. प्रस्तुत लेखात ‘खाली’ किंवा ‘कमी’ हा अर्थ देणाऱ्या उपसर्गांचाच विचार केला आहे.

विषय केवळ भाषेचा नाही, हे स्पष्ट व्हावे म्हणून माझाच एक प्रमाद आरंभी नमूद करतो. काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एक बाई थकवा, निद्रानाश आणि कृशता या तक्रारी घेऊन आल्या. सोबत दुसऱ्या डॉक्टरांची हस्तलिखित चिठ्ठी व एक अहवाल होता. गर्दीची वेळ होती. सहायकाने चिठ्ठी वाचून केसपेपरवर ‘हायपो थायरॉइड’ असे लिहिले आणि मूळ कागद न पाहता मी त्यावर विसंबलो. बल्य म्हणून अश्वगंधा चूर्ण लिहून दिले. पुड्या बांधल्या जात असताना पाण्याचा पेला धरलेला बाईंचा हात थरथरताना दिसला. पुन्हा नाडी मोजली, तो गती मिनिटाला ११० च्या पुढे. मग अहवाल उघडला. टी.एस.एच. ०.०१ होते आणि निदान ‘हायपरथायरॉइडिझम’ असे होते. अश्वगंधेच्या सेवनाने थायरॉइडची संप्रेरके वाढल्याची निरीक्षणे प्रसिद्ध झालेली आहेत. ज्या रुग्णात ती आधीच उसळलेली आहेत, त्याला हे द्रव्य देणे म्हणजे आगीत तूप ओतणे होय. पुड्या परत घेतल्या. दोष सहायकाचा नव्हता, तपासून न पाहणाऱ्या माझा होता. एका अक्षराच्या फरकाने चिकित्सेची दिशा उलटते, हे त्या दिवशी शिकलो.

१. कुळ आणि नाते

इंग्रजीत ‘खाली’ हा अर्थ देणारे चार उपसर्ग मुख्य आहेत. ‘हायपो’ ग्रीक भाषेतून आला. ‘सब’ आणि ‘इन्फ्रा’ हे लॅटिन आहेत. ‘अंडर’ हा इंग्रजीचा स्वतःचा, घरचा शब्द आहे.

संस्कृत जाणणाऱ्या वैद्यांना हे चारही परके वाटण्याचे कारण नाही. ग्रीक ‘हायपो’ आणि लॅटिन ‘सब’ हे दोन्ही आपल्या ‘उप’ या उपसर्गाचे सगोत्र आहेत, असे तुलनात्मक भाषाशास्त्र सांगते. लॅटिन ‘इन्फ्रा’ आणि इंग्रजी ‘अंडर’ यांचे नाते आपल्या ‘अधर’ (म्हणजे खालचा) या शब्दाशी आहे. विरुद्ध बाजूस ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’ आणि इंग्रजी ‘ओव्हर’ हे तिन्ही ‘उपरि’ या शब्दाचे भाऊ आहेत.

यातून एक सोपी खूण मिळते. ‘हायपर’ मधील ‘पर’ हा ‘उपरि’ मधील ‘परि’ आहे. म्हणून हायपर म्हणजे वर, अधिक. ‘हायपो’ मध्ये ‘उप’ आहे. म्हणून खाली, उणे. हायपर आणि वर या दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘र’ आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी विद्यार्थिदशेतील बराच गोंधळ टळतो. (‘अंडर’ च्या शेवटीही ‘र’ आहे, पण तो वेगळ्या कुळातला, त्याला ही खूण लावू नये.)

आपल्या शास्त्रात ‘उप’ दुय्यमत्व दाखवितो : धातू आणि उपधातू, विष आणि उपविष, रस आणि उपरस. इंग्रजीतील ‘सब’ नेमके हेच काम करतो : टाइप आणि सबटाइप, कमिटी आणि सबकमिटी. उपप्रकार, उपसमिती हे मराठी शब्द म्हणूनच इतके सहज बसतात.

२. ‘हायपो’ : स्थान की न्यूनता?

‘हायपो’ चे दोन अर्थ आहेत. जुन्या शरीररचनेच्या शब्दांत तो स्थान सांगतो आणि शरीरक्रियेच्या शब्दांत न्यूनता सांगतो. कोणता अर्थ घ्यावयाचा, हे पुढील पदावरून ठरते.

स्थानवाचक शब्द प्रथम पाहू. हायपोथॅलॅमस म्हणजे थॅलॅमसच्या खालचा भाग. थॅलॅमसचे काम कमी झाले, असा अर्थ नव्हे. हायपोगॅस्ट्रियम म्हणजे जठराच्या खालचा प्रदेश, आपले ओटीपोट. हायपोग्लॉसल ही जिभेखालून जाणारी बारावी मस्तिष्क-नाडी. हायपोस्पेडियास म्हणजे मूत्रमार्गाचे द्वार शिश्नाच्या खालच्या बाजूस असण्याची जन्मजात विकृती.

याच गटातील हायपोकॉन्ड्रियम हा शब्द विशेष आहे. ‘कॉन्ड्रॉस’ म्हणजे कूर्चा, तरुणास्थी. बरगड्यांच्या कूर्चांखालचा प्रदेश तो हायपोकॉन्ड्रियम. उजवीकडे यकृत, डावीकडे प्लीहा. या अवयवांच्या विकृतीतून उदासीनता आणि रोगभय उत्पन्न होते, अशी युरोपातील जुनी समजूत होती. तीवरून ज्याला विनाकारण रोगाची भीती वाटते त्यास ‘हायपोकॉन्ड्रियाक’ म्हणू लागले. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ संघटनेने २०१३ च्या आपल्या वर्गीकरणातून हायपोकॉन्ड्रियासिस हे नाव वगळले, पण बोलण्यात ते टिकून आहे. त्यामुळे अहवालात ‘पेन इन राइट हायपोकॉन्ड्रियम’ असे असेल, तर रुग्णाची वेदना काल्पनिक आहे असा अर्थ कदापि होत नाही. उजव्या बरगड्यांखाली दुखते, एवढेच त्यात म्हटले आहे. आणि तेथे पित्ताशय व यकृत यांचा विचार झालाच पाहिजे.

आता न्यूनतावाचक शब्द. ज्या शब्दाच्या शेवटी ‘एमिया’ येते, तेथे रक्तातील प्रमाण सांगितलेले असते, कारण ग्रीक ‘हायमा’ म्हणजे रक्त. मध्ये कोणते द्रव्य आहे ते ओळखले की शब्द उलगडतो :

हायपोग्लायसेमिया – रक्तातील साखर कमी, १०० मि.लि. मागे ७० मि.ग्रॅ. च्या खाली.
हायपोनॅट्रेमिया – सोडियम कमी. लिटरमागे १३५ मिलिइक्विव्हॅलंटच्या खाली. सोडियमचे लॅटिन नाव नॅट्रियम.
हायपोकॅलेमिया – पोटॅशियम कमी, ३.५ च्या खाली. पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम.
हायपोकॅल्सेमिया – कॅल्शियम कमी.
हायपोक्सेमिया – रक्तातील प्राणवायू कमी. ऊतींना प्राणवायू कमी पडणे ते हायपोक्सिया. येथे दोन ‘ओ’ लागोपाठ आल्याने उपसर्गाचा ‘ओ’ लोप पावला आहे.

कॅलेमिया आणि कॅल्सेमिया यांत केवळ ‘ल्स’ चा फरक आहे. दूरध्वनीवरून ऐकताना तो सहज निसटतो. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकाने दूरध्वनीवर शब्द सांगितला, तर आकडा आणि द्रव्याचे नाव दोन्ही विचारावे.

रक्ताच्या सर्वसाधारण तपासणीत ‘हायपोक्रोमिक’ हा शब्द वारंवार दिसतो. ‘क्रोमा’ म्हणजे वर्ण. रक्तकणांचा वर्ण फिका, असा त्याचा अर्थ; लोहन्यूनताजन्य पांडुरोगात तो सामान्यतः आढळतो. पांडु आणि हायपोक्रोमिक हे दोन्ही शब्द वर्णावरून पडले, एक त्वचेच्या आणि दुसरा रक्तकणाच्या, हे साम्य लक्षणीय आहे.

३. एकच शब्द, दोन विशेष्ये

औषधांच्या माहितीपत्रकात ‘हायपोग्लायसेमिक’, ‘हायपोटेन्सिव्ह’, ‘हायपोलिपिडेमिक’ हे शब्द गुण म्हणून येतात. रुग्णालयाच्या कागदावर तेच शब्द दोष म्हणून येतात. हा भेद न जाणल्यास मोठा अनर्थ संभवतो.

‘हायपोटेन्सिव्ह ड्रग’ म्हणजे रक्तदाब उतरविणारे औषध. सर्पगंधा हे त्याचे परिचित उदाहरण. ‘हायपोटेन्सिव्ह पेशंट’ म्हणजे ज्याचा रक्तदाब आधीच उतरला आहे असा रुग्ण. शब्द जुळला म्हणून औषध जुळविले, तर परिणाम काय होईल हे सांगणे नको. त्याचप्रमाणे ‘हायपोग्लायसेमिक’ असे ज्या चूर्णाच्या डबीवर छापले आहे ते साखर उतरविण्यासाठी आहे, आणि ‘हायपोग्लायसेमिक एपिसोड’ असे ज्याच्या कागदावर आहे त्याची साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरून गेली होती.

हे दोन्ही एकाच रुग्णात एकत्र येतात, तेथे आपली जबाबदारी सर्वाधिक आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारा प्रमेही रुग्ण मधुनाशिनी किंवा कारल्याचा रस सुरू करतो आणि दोहोंचे कार्य एकाच दिशेने होते. घाम, कंप, तीव्र भूक, भ्रम ही लक्षणे दिसताच, रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असल्यास, सुमारे १५ ग्रॅम साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि तरीही ती कमी असल्यास तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे. औषधविक्रेत्यांनी अशी चूर्णे देताना ‘चालू गोळ्या कोणत्या?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द तेले, साबण व लेप यांच्या वेष्टनावर दिसतो. तेथे ‘हायपो’ म्हणजे कमी, ‘नाही’ नव्हे. असात्म्यतेची शक्यता कमी असल्याचा तो निर्मात्याचा दावा आहे, अभयपत्र नाही.

‘हायपो’ हा सुटा शब्दही तीन ठिकाणी तीन अर्थांनी वापरला जातो. मधुमेही रुग्ण ‘मला हायपो झाला’ म्हणतो, तेथे साखर उतरलेली असते. रुग्णालयातील परिचारिका ‘हायपो आण’ म्हणते, तेथे जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइट अभिप्रेत असते. जुना छायाचित्रकार ‘हायपो’ म्हणतो ते सोडियम थायोसल्फेट. त्याचे पूर्वीचे नाव हायपोसल्फाइट असे होते आणि चांदीचे क्षार विरघळविण्याचा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदविला. रसायनशास्त्रात ‘हायपो’ ने प्राणवायूचे अणू उणे असल्याचे दाखवितात : क्लोरेटात तीन, क्लोराइटात दोन, हायपोक्लोराइटात एक.

४. ‘सब’ : चार अर्थ

लॅटिन ‘सब’ ‘हायपो’ पेक्षा अधिक लवचीक आहे. वैद्यकात त्याचे मुख्यतः चार अर्थ होतात.

(अ) स्थान. सबक्युटेनिअस म्हणजे त्वचेखालील, सबलिंग्वल म्हणजे जिभेखालील, सबमँडिब्युलर म्हणजे खालच्या जबड्याखालील. हायपोग्लॉसल आणि सबलिंग्वल यांचा अक्षरार्थ एकच, फक्त एक ग्रीक व दुसरा लॅटिन. हायपोडर्मिक व सबक्युटेनिअस यांचेही तसेच. मात्र रूढीने या जोड्यांची कामे वाटून घेतली आहेत : नाडी ती हायपोग्लॉसल, गोळी ती सबलिंग्वल, सुई ती हायपोडर्मिक, मार्ग तो सबक्युटेनिअस. सुईच्या वेष्टनावर ‘हायपोडर्मिक’ छापले आहे म्हणून तिने औषध त्वचेखालीच द्यावयाचे, असे नाही. ते सुईचे सामान्य नाव आहे.

स्थान अचूक कळणे किती महत्त्वाचे आहे ते दोन शब्दांवरून पाहा. सबकंजंक्टायव्हल हेमरेज म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणाखाली साकळलेले रक्त. दिसण्यास भयंकर, पण बहुधा निरुपद्रवी व आपोआप जिरणारे. सबड्युरल हिमॅटोमा म्हणजे मेंदूच्या बाह्य आवरणाखाली साकळलेले रक्त. बाहेरून काहीच दिसत नाही, पण प्राणघातक ठरू शकते. वृद्ध मनुष्य पडतो, त्या वेळी काहीच होत नाही आणि काही आठवड्यांनी शिरःशूल, तंद्रा, विस्मृती सुरू होते. तेव्हा वार्धक्यातील वातप्रकोप म्हणून स्वस्थ न बसता पडल्याचा इतिहास विचारावा.

(आ) काल व व्यक्तता. सबॲक्यूट म्हणजे आशुकारी आणि चिरकारी यांच्या मधल्या गतीचा. हा शब्द व्याधीची गती सांगतो, तीव्रता नव्हे. गोवरानंतर वर्षांनी उद्भवणारा सबॲक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस हा नावात ‘सब’ असूनही बहुधा प्राणघातकच असतो. सबक्लिनिकल म्हणजे लक्षणांनी अद्याप व्यक्त न झालेला, तपासणीतच कळणारा. क्रियाकालांत व्यक्ती या अवस्थेच्या अलीकडील जे टप्पे आपण मानतो, त्यांची येथे आठवण होते. मात्र दोन्ही कल्पना एकच नव्हेत.

(इ) अपूर्णता. सबलक्सेशन म्हणजे सांधा पूर्ण न निखळता अर्धवट सरकणे. सबफर्टिलिटी म्हणजे गर्भधारणेस विलंब, गर्भधारणेची क्षमता उणी, वंध्यत्व नव्हे. हा शब्द वाचून आलेल्या दांपत्यास ‘मूल होणारच नाही’ असे कोणी सांगितलेले असते. उपसर्गाचा खरा अर्थ समजावून सांगणे हीच तेथे पहिली चिकित्सा.

(ई) दुय्यमत्व व विभाग. सबटाइप, सबग्रूप इत्यादी. यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही.

‘सब’ पुढील व्यंजनाशी संधी करून आपले रूप बदलतो, हे संस्कृतज्ञांस सहज पटेल. सत् + जन = सज्जन, तद्वत् सब + प = ‘सप्प’. सपॉझिटरी म्हणजे ‘खाली ठेवावयाची’, अर्थात गुदवर्ती. सप्युरेशन म्हणजे ‘खाली पू होणे’, अर्थात पाक, पूयभवन. या शब्दांत ‘सब’ लपला आहे हे कळले की ते कधीच विसरत नाहीत.

५. रसशाळेतील ‘सब’

आता रसौषधी बनविणाऱ्यांच्या उपयोगाचा भाग. सब्लिमेशन या क्रियेस आपण ऊर्ध्वपातन म्हणतो. मग ‘खाली’ सांगणारा उपसर्ग ‘वर’ नेणाऱ्या क्रियेत कसा? लॅटिनमध्ये ‘सब’ चा ‘खालून वर’ असाही एक अर्थ आहे. सपोर्ट म्हणजे खालून वर उचलून धरणे, यातही तोच अर्थ आहे. डमरूयंत्रात पारद खालच्या पात्रातून वरच्या पात्रास जाऊन लागतो, ते नेमके असेच.

रसायनांच्या जुन्या नावांत ‘सब’ न्यूनता दाखवितो. पाऱ्याच्या एका अणूमागे क्लोरिनचा एक अणू ते मर्क्युरी सबक्लोराइड, म्हणजे कॅलोमेल. एकामागे दोन ते परक्लोराइड, म्हणजे करोसिव्ह सब्लिमेट. पहिले पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आहे. दुसरे विद्राव्य असून अत्यंत दाहक व घातक विष आहे. औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) यांच्या अनुसूची ई (१) मध्ये रसकर्पूराच्या पुढे ‘हायड्रार्जिरी सबक्लोरायडम’ असे लिहिले आहे. त्या ‘सब’ वर बोट ठेवून वाचावे. कच्चा माल घेताना पुरवठादाराच्या विश्लेषणपत्रात ‘सब’ आहे की ‘पर’ आहे, हे पाहिल्यावाचून माल स्वीकारू नये. कॅलोमेल प्रकाशात ठेवल्यास हळूहळू विघटन पावून त्यातून पारा व परक्लोराइड निर्माण होते. म्हणून ते अपारदर्शक पात्रात, अंधारात ठेवावे. ‘सब’ असला म्हणजे द्रव्य निर्विष ठरले, असेही समजू नये. अनुसूचीत ते विषद्रव्य म्हणूनच आले आहे.

बिस्मथ सबसॅलिसिलेट व सबसिट्रेट ही आम्लपित्त व जठरव्रणात दिली जाणारी औषधे आहेत. येथे ‘सब’ म्हणजे क्षारातील आम्लाचा अंश उणा, तो क्षार ‘बेसिक’ जातीचा. ही औषधे घेणाऱ्याचा मल काळा होतो. काळा मल पाहून अधोग रक्तपित्ताचे निदान करण्यापूर्वी चालू औषधांची चिठ्ठी वाचावी. आणि असे औषध चालू नसेल, तर रक्तस्रावाची शंका निश्चित धरावी.

६. ‘अंडर’ आणि ‘इन्फ्रा’

‘अंडर’ चे शब्द सोपे आहेत. अंडरवेट म्हणजे वजन कमी; प्रौढांत शरीरवस्तुमान निर्देशांक १८.५ च्या खाली असल्यास हा शब्द लावतात. अंडरॲक्टिव्ह थायरॉइड म्हणजेच हायपोथायरॉइडिझम, आणि ओव्हरॲक्टिव्ह थायरॉइड म्हणजेच हायपर. ‘अंडरलाइंग डिसीज’ म्हणजे मुळाशी असलेला व्याधी. येथे ‘अंडर’ न्यूनता दाखवीत नाही, आधार दाखवितो. तो ‘किरकोळ’ व्याधी नव्हे, मुख्य व्याधी आहे.

‘इन्फ्रा’ केवळ खालची पातळी सांगतो. इन्फ्राऑर्बिटल म्हणजे नेत्रगुहेच्या खालील, इन्फ्राक्लॅव्हिक्युलर म्हणजे जत्रूच्या खालील. इन्फ्रारेड म्हणजे कंपनसंख्येत तांबड्या रंगाच्या खालचे, दृष्टीस न दिसणारे किरण. त्यांचा शोध विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये लावला. वर उल्लेखिलेले जॉन हे त्यांचेच पुत्र.

७. चिठ्ठीवरील संक्षेप

औषधालयाच्या मालकांनी हा भाग आपल्या मदतनिसांकडून वाचून घ्यावा. ‘सबक्युटेनिअस’ साठी ‘एस.सी.’ आणि ‘सबलिंग्वल’ साठी ‘एस.एल.’ असे संक्षेप लिहिले जातात. घाईच्या हस्ताक्षरात इंग्रजी ‘सी’ व ‘एल’ एकसारखे दिसतात. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस या संस्थेने ‘एस.सी.’ हा संक्षेप प्रमादजनक म्हणून यादीत घातला आहे. ‘सब क्यू’ हा तिसरा संक्षेपही त्या यादीत आहे. लॅटिन संकेतात ‘क्यू’ म्हणजे ‘दर’. शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी ‘सब क्यू’ द्यावयाचे हेपॅरिन ‘दर दोन तासांनी’ असे वाचले गेल्याचे उदाहरण तेथे दिले आहे.

जिभेखालची गोळी गिळली, तर ती यकृतातून जाताना बरीचशी निष्क्रिय होते व हृच्छूलाच्या क्षणी अपेक्षित वेगाने काम करीत नाही. म्हणून आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटसारख्या गोळीच्या पाकिटावर ‘जिभेखाली ठेवा, गिळू नका’ असे स्वच्छ मराठीत लिहून द्यावे. रुग्णासाठी ‘सबलिंग्वल’ हा शब्द नसल्यासारखाच आहे.

८. उपसर्ग आणि दोषविचार

येथे एक मोह टाळला पाहिजे. हायपो म्हणजे क्षय आणि हायपर म्हणजे वृद्धी, हे समीकरण दिसण्यास आकर्षक, पण वापरण्यास धोक्याचे आहे. उपसर्ग फक्त एका मोजलेल्या गोष्टीविषयी बोलतो. संपूर्ण शरीराविषयी नाही.

हायपोथायरॉइडिझममध्ये ग्रंथीचे कार्य उणे असते, पण रुग्णात स्थौल्य, गौरव, आलस्य, शैत्य, मलबद्धता अशी लक्षणे दिसतात. म्हणजे उणेपण ग्रंथीचे, आणि दिसणारे चित्र अग्निमांद्याचे व कफवृद्धीचे. उपसर्गावरून ‘क्षय’ ठरवून बृंहण केले, तर रुग्ण अधिकच जड होईल. शिवाय अहवालात टी.एस.एच. वाढलेले दिसते, कारण ग्रंथी मंद झाली की तिला हाकणारे पियुषिका ग्रंथीचे संप्रेरक वाढते. नावात ‘खाली’ आणि आकडा वर! ‘सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम’ या नावात तर दोन अधोवाचक उपसर्ग आहेत : टी.एस.एच. वाढलेले, टी-फोर प्राकृत आणि लक्षणे अव्यक्त.

हायपोनॅट्रेमियाचेही तसेच. सोडियम ‘कमी’ म्हणून मीठ वाढवा, असे नेहमीच योग्य नसते. अनेकदा शरीरात पाणी साचल्याने सोडियमचे प्रमाण उतरलेले असते.

यष्टिमधूचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. ते दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास त्यातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे शरीर सोडियम धरून ठेवते व पोटॅशियम गमावते. परिणामी एकाच रुग्णात हायपरटेन्शन आणि हायपोकॅलेमिया एकत्र दिसतात. त्यात रुग्ण मूत्रल गोळी किंवा डिगॉक्सिन घेत असेल, तर हृदयगतीस धोका संभवतो. अशा रुग्णास क्षयी म्हणावे की वृद्ध? प्रश्नच चुकीचा आहे. काय वाढले आणि काय घटले, हे वेगवेगळे पाहिले पाहिजे.

९. व्यवहारातील नियम

१. शब्द वाचताच दोन प्रश्न विचारावे : हा उपसर्ग स्थान सांगतो, प्रमाण सांगतो की दर्जा? प्रमाण असेल तर कशाचे?
२. उपसर्गावर आकड्यावाचून विश्वास ठेवू नये. आकडा, त्याचे एकक आणि त्या प्रयोगशाळेची प्राकृत मर्यादा एकत्र वाचावी.
३. केसपेपरवर ‘हायपो’, ‘हायपर’ असे सुटे शब्द लिहू नयेत. पूर्ण शब्द लिहून शेजारी खालचा वा वरचा बाण काढावा आणि मराठीत ‘थायरॉइडचे काम मंद’, ‘साखर कमी’ असे नोंदवावे.
४. दूरध्वनीवरून ऐकलेला शब्द उलट उच्चारून खात्री करावी : ‘कमीच ना? आकडा किती?’
५. लक्षणे आणि उपसर्ग विसंगत वाटल्यास कागद पुन्हा वाचावा. रुग्णाचे शरीर सहसा चुकीचे लिहीत नाही.

स्वाध्याय

पुढील शब्दांत उपसर्ग स्थानवाचक आहे, न्यूनतावाचक आहे की अन्य, ते सांगा : (१) हायपोप्लेसिया (२) सबऑक्सिपिटल (३) हायपोटोनिया (४) सबनॉर्मल टेंपरेचर (५) हायपोडर्मिस (६) अंडरलाइंग कॉज (७) सप्युरेटिव्ह (८) सबक्लिनिकल

उत्तरे : (१) न्यूनता; अवयवाची अपुरी वाढ. (२) स्थान, डोक्याच्या मागील अस्थीच्या खाली. (३) न्यूनता, स्नायूंचा ताण कमी. (४) न्यूनता, तापमान प्राकृताहून कमी. (५) स्थान, त्वचेखालील थर. (६) आधार, मूळ हेतू. (७) स्थान, संधीमुळे ‘सब’ चे रूपांतर, पूययुक्त. (८) अव्यक्तता.

ज्या औषधात अनुसूची ई (१) मधील द्रव्य आहे, त्याच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना छापणे नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. त्या इंग्रजी वाक्यातही ‘अंडर’ आहे, आणि मराठी ‘देखरेखीखाली’ मध्ये ‘खाली’ आहे. तो देखरेख करणारा आपणच आहोत. वर सांगितलेल्या बाई पुढे योग्य त्या तज्ज्ञांकडे गेल्या आणि बऱ्या झाल्या. मधून मधून त्या भेटतात. पण त्या दिवसापासून माझ्या मेजावर मूळ अहवाल उघडल्याशिवाय चिठ्ठीला लेखणी लागत नाही. आपणही हा परिपाठ ठेवावा, एवढीच या लेखामागील विनंती आहे.